लाइनीत ठेवलेली पिशवी

पाथरघाटात जरीनाबाईशी हुज्जत घालायची तर माणूस दोनदा विचार करायचा. बाई काही अंगापिंडाने दांडगी नव्हती. वाळकी, उन्हाने रापलेली, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला, आणि बोटं कथलाच्या धुराने कायमची काळवंडलेली. पण बोलायला लागली की समोरचा आपलं म्हणणं काय होतं तेच विसरायचा. तिचा नवरा खुर्शीदमिया कल्हईवाला होता आणि त्याच्या हयातीत ती नुसता भाता ओढायची. एकोणीसशे नव्वदच्या आसपास तो गेला तेव्हा दीर आदिलाबादहून आला, चार माणसांत म्हणाला की भावजयीने आता आमच्याकडे यावं, एकट्या बाईचं इथं कसं निभणार. बाईने भाता मांडीपाशी ओढला, भट्टी पेटवली आणि शेजारणीची परात कल्हई करून त्याच्यापुढे ठेवली. दीर परातीत आपलं तोंड बघून दुसऱ्या दिवशीच्या बसने परत गेला.

पुढे घरोघरी स्टील आलं, प्लास्टिक आलं, कल्हईला कोण विचारतो? तरी बाईची चूल विझली नाही, कारण गुंड होते. गुंड म्हणजे आपल्या इकडचा पाण्याचा पितळी हंडा. लग्नात लेकीला गुंड दिला नाही तर बाप वर्षभर तोंड लपवून फिरतो. तो गुंड कधीतरी आपटतो, पोचतो, बुडातून गळायला लागतो, आणि मग जरीनाबाईच्या दारात येतो. ती पोचे ठोकून काढायची, छिद्राला डाख लावायची आणि देताना दोन शब्द सुनवायची की डोकं कुठं ठेवून चालत होतीस.

ती राहायची भट्टीपुऱ्यात. चुन्याच्या जुन्या भट्टीमागची ही वस्ती. गडचांदूरकडून वारा आला की सिमेंटची पूड थेट भाकरीवर येऊन बसायची. अर्धी घरं मुसलमान कारागिरांची, अर्धी बौद्ध मजुरांची, कडेला गोंडांची काही. या सगळ्या घरांना मिळून एक सार्वजनिक नळ, जरीनाबाईच्या दारासमोरच्या कडुनिंबाखाली. सकाळी पाणी यायचं, उन्हं चढली की जायचं. मधल्या वेळात जे भरलं ते आपलं.

या नळाचे काही कायदे होते आणि ते पालिकेने केलेले नव्हते. रात्रीच भांडी लाइनीत लागायची. लाइनीतलं भांडं म्हणजे लाइनीत उभं असलेलं माणूस. दुसऱ्याच्या भांड्याला कुणी हात लावायचा नाही. पाणी सुरू झालं की आपलं भांडं आपणच वाकून पुढे सरकवायचं. भांडं एकदा उचललं की नंबर गेला, परत मागे. पाणी जाऊन ज्यांचा नंबर राहिला त्यांची भांडी तिथंच राहायची, दुसऱ्या दिवशी लाइन तिथून पुढे. लाइन मोडून पुढे जायची मुभा फक्त तीन पाण्यांना होती: बाळंतिणीचं, मयतीचं आणि हळदीचं. हे सगळं सांभाळायची जरीनाबाई. नगरसेवकाच्या मेव्हणीचा गुंड तिने एकदा सगळ्यांदेखत मागे नेऊन ठेवायला लावला होता. पालिकेची म्हातारी जीप रेल्वे फाटकाचा चढ चढली की उकळायची आणि ड्रायव्हर इसरू डबा घेऊन इथं यायचा, तर त्यालाही तिने कधी पुढे घेतलं नाही. बिचारा मुकाट्याने डबा लावून बिडी ओढत बसायचा.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात पालिकेत नवे मुख्याधिकारी आले. तरणे, हुशार, कामाचा उरक असलेले. त्यांनी आल्या आल्या हुकूम काढला की गावातले सगळे सार्वजनिक नळ बंद करायचे. पाणी फुकट जातं, पट्टी वसूल होत नाही, नवी योजना हवी असेल तर घरोघरी मीटर पाहिजे असं वरून आलंय. ज्याला पाणी हवं त्याने आपापलं कनेक्शन घ्यावं. ऐकायला किती सरळ. भट्टीपुऱ्यातल्या बायका कनेक्शन मागायला गेल्या तर बाबूने घरटॅक्सची पावती मागितली. पावती मागायला गेल्या तर दुसऱ्या बाबूने जागेचा पट्टा मागितला. आणि पट्टा कुठून देणार? भट्टीपुऱ्याची जमीन सरकारदरबारी ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिलेली. त्या जागेत एक तो कडुनिंब सोडला तर झुडूप म्हणून औषधाला नाही, पण इंग्रजाच्या काळात कुणीतरी लिहून ठेवलं ते ठेवलं. जंगलाच्या जमिनीवर घर नाही, घर नाही म्हणून टॅक्स नाही, टॅक्स नाही म्हणून पाणी नाही.

जरीनाबाई तडक साहेबांच्या खोलीत गेली. सोबत शेजारची बायनाबाई, जिनिंगमध्ये कापूस निवडणारी, कमी बोलणारी बाई. साहेबांनी खुर्च्या दिल्या, हे मान्य केलं पाहिजे. मग शांतपणे समजावून सांगितलं की बाई, माझ्या हातात काही नाही, तुमची जागा जंगलात मोडते.

जरीनाबाई खुर्चीवर बसलीच नव्हती. ती म्हणाली, "साहेब, उन्हाळ्यात जंगलखातं जनावरायसाठी पाणवठे भरते. टँकर लावून भरते. तुमी म्हणता आमी जंगलात राहतो, तर आमाले जनावर समजा, पण पाणी द्या. का जनावराहूनबी खाली धरून राह्यले आमाले?"

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी घंटी दाबली. शिपाई आत आला तोवर बाई पायऱ्या उतरत होती, आणि उतरताना तिने बायनाबाईला सांगितलं की नळ जाणार नाही म्हणजे जाणार नाही. बायनाबाईने विचारलं, कसा? तर म्हणे, ते मलेबी अजून माहीत नाई.

नळ तोडायचं काम खुशालकडे होतं. पालिकेचा नळवाला, चाळिशीचा, खाली मान घालून चालणारा माणूस. साहेबांनी हुकूम दिला की फाटकापासून सुरुवात कर आणि रस्त्याने येत जा. आता फाटकाजवळच्या वस्तीत खुशालचं स्वतःचं घर. तीही जागा झुडपी जंगलच. म्हणजे पहिला नळ त्याने तोडला तो स्वतःच्या दारचा. पगारी माणूस, काय करणार? दोनच दिवसांनी त्याची बायको सायत्रा जरीनाबाईकडे आली, पोचलेला गुंड घेऊन. आता तिला लांबच्या शेतातल्या विहिरीवरून पाणी आणावं लागत होतं. बांधावर पाय घसरला, गुंड दगडावर आपटला, कमरेला मार बसला. सांगताना ती नवऱ्याबद्दल एक अक्षर वाईट बोलली नाही, आणि त्याचाच जरीनाबाईला जास्त संताप आला. तिने गुंड ठेवून घेतला आणि त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही.

रस्त्यावरचे नळ एकामागून एक तोडत खुशाल भट्टीपुऱ्यात आला तेव्हा सकाळची वेळ होती. नळाला पाणी सुरू झालेलं, लाइन कडुनिंबापासून पार भट्टीच्या भिंतीपर्यंत गेलेली. खांद्याला पाने, करवत असली अवजारांची खाकी पिशवी. त्याला बघून कुणी बाई काठी शोधायला लागली, कुणी दगड. जरीनाबाई दारात बसून डाख लावत होती, ती तिथूनच बोलली.

"काढ ना बापा नळ, तुले कोण अडवते? पण लाइन लागली हाय आन् तू मागून आला. पिशवी मागं ठेव."

आणि खुशालने पिशवी मागे ठेवली.

पुण्या-मुंबईचा माणूस असता तर हसला असता आणि पाना काढून कामाला लागला असता. पण खुशाल जन्मभर अशाच नळावर वाढलेला. लाइनीतल्या भांड्यांना ओलांडून पुढे जाणं त्याच्या पायांना ठाऊकच नव्हतं. ‘मागं ठेव’ म्हटलं की हात आपोआप मागे गेला. पिशवी शेवटच्या गुंडाच्या मागे टेकल्यावर मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. आता पिशवी उचलावी तर नंबर जातो.

तसाही तो फार मनापासून आला नव्हता, हेही खरं.

तो रोज सकाळी यायचा आणि वाकून पिशवी पुढे सरकवायचा. पिशवी पुढे आली की बायनाबाई यायची. तिची सून खुशबू नुकतीच बाळंत झाली होती, बाळंतिणीचं पाणी पुढे. मग वस्तीतल्या जिशानचं लग्न निघालं, हळदीचं पाणी पुढे. मग म्हातारा वारलू गेला. कुणाला वाटेल नळासाठी मारला की काय, पण तो खरोखरच गेला, वर्षभर अंथरुणाला खिळलेला होता. मयतीचं पाणी पुढे. तोवर ऊन चढायचं, पाणी जायचं, आणि खुशाल पिशवी लाइनीत ठेवून हात हलवत घरी जायचा. पिशवीची काळजी नव्हती. लाइनीतल्या वस्तूला भट्टीपुऱ्यात कोण हात लावणार?

गंमत अशी की पालिकेत अवजारांचा संच तो एकच. पिशवी लाइनीत अडकली म्हणजे पुढचे सगळे नळही वाचले. साहेबांनी नवे पाने घ्यायला सांगितलं तर स्टोअरवाल्या बाबूने उत्तर दिलं की खरेदीला मंजुरी लागते, मंजुरीला सभा लागते आणि सभेला अवकाश आहे. गावात लोक चहाच्या टपरीवर पोट धरून हसायला लागले.

पण लग्नं काय रोज होतात? खुशबूची बाळंतपणाची मुदत सरली. पिशवी सरकत सरकत नळाजवळ आली. एकीने सुचवलं की आपण कुणाची तरी मयत झाली म्हणून सांगू, बल्लारशाचा मामा गेला म्हणू, कोण जातंय बघायला.

जरीनाबाई अशी भडकली की त्या बाईने घागर खाली ठेवली. खोट्या मयतीचं पाणी या नळावर भरलं जाणार नाही, म्हणे. साहेब खोटं बोलतो म्हणून मी बोलू? एवढी वर्षं मी एकीलाही पुढे घुसू दिलं नाही, ते काय आज स्वतः घुसायला? बायनाबाईने हलकेच विचारलं, मग उद्या त्याचा नंबर आला तर? दुपारभर जरीनाबाई सायत्राचा तसाच पडून राहिलेला गुंड ठोकत बसली. भीती तिलाही वाटत होती. नळ गेला तर पहिली आपली कंबर मोडेल आणि कायदा मोडला तर आपल्यात आणि त्या नगरसेवकाच्या मेव्हणीत फरक काय उरला, या दोन्हींच्या मध्ये ती अडकली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब जातीने आले. जीप कडुनिंबाच्या पलीकडे रस्त्यावर थांबली. साहेब उतरले, लाइन पाहिली, लाइनीच्या तोंडाशी असलेली पालिकेची पिशवी पाहिली, आणि त्यांना हसावं की रडावं कळेना. पिशवीच्या पुढे फक्त एक गुंड होता. खुशालला त्यांनी फर्मावलं की उचल पाना आणि लाग कामाला. खुशाल मान खाली घालून म्हणाला की साहेब, एक गुंड राह्यला. तो गुंड भरला. ज्या बाईचा होता तिने तो डोक्यावर घेतला आणि ती बाजूला झाली.

आता नळासमोर खुशालची पिशवी होती. बायका जरीनाबाईकडे बघत होत्या. साऱ्या वस्तीला वाटलं, ही आता आडवी पडेल, शिव्या देईल, काहीतरी करेल. ती उठली, पदर खोचला आणि बायकांना सांगितलं की बाजूला व्हा, त्याचा नंबर आहे. बायनाबाईने डोळे मिटून घेतले.

जरीनाबाई घरात गेली आणि एक गुंड घेऊन बाहेर आली. चकचकीत घासलेला, पोचे काढलेला, बुडाला ताजा डाख. तो तिने खुशालच्या पुढ्यात नळाखाली ठेवला.

"तुझ्या घरचा हाय. सायत्रा देऊन गेली होती, विहिरीवरून आणताना पडली म्हणून. आता भर. इथी नंबर लागते तो पाणी भराचा, खुशाल. नळ नेयाचा नंबर या लाइनीत कधीच नोता."

खुशालने गुंड ओळखला. सासऱ्याने दिलेला, गळ्यापाशी सायत्राच्या नावाची टिंबं ठोकलेला. मग त्याने तोटी सोडली. गुंड भरायला लागला.

साहेब जवळ आले. त्यांनी खुशालला विचारलं की तुला पगार कोण देतं, हे तरी आठवतंय का.

"पालिका देते, साहेब," खुशाल म्हणाला. "पण पाणी आणाले सायत्रा जाते."

त्याने भरलेला गुंड खांद्यावर घेतला आणि फाटकाच्या रस्त्याला लागला. पाणी त्याच्या शर्टावरून ओघळत होतं. पिशवी तिथंच राहिली. साहेबांनी रागारागाने त्यातला मोठा पाना काढला, उलटा धरला, सुलटा धरला, नळाच्या मानेला लावून बघितला, तो घसरला. बायकांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी पाना पिशवीत टाकला आणि जीपकडे निघाले. तोंडाने म्हणत होते की उद्या पोलीस घेऊन येतो, एकेकीला बघतो.

खुशालला पुढे मेमो मिळाला, काही महिने कचऱ्याच्या गाडीवर टाकलं. त्याने कधी तक्रार केली नाही. पोलीस काही आले नाहीत, आणि ते का आले नाहीत हे पाथरघाटात सगळ्यांना ठाऊक आहे. कारण साहेब जीपमध्ये बसले तेव्हा जीप सुरूच झाली नाही.

म्हातारी फाटकाचा चढ चढून आली होती आणि उन्हात उभी होती. इसरूने बॉनेट उघडलं तर वाफेचा लोट. साहेबांनी विचारलं, पाणी कुठं मिळेल? इसरूने काय सांगावं? फाटकापासून इथपर्यंतचे सगळे नळ साहेबांच्याच हुकमाने तोडलेले. त्याने सीटखालचा डबा काढला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने लाइनीच्या टोकाला, भट्टीच्या भिंतीपाशी नेऊन ठेवला. मग तो परत जाऊन बॉनेटखाली घुसला, कारण पाइपही फाटला होता आणि तो बांधायचा होता.

साहेब थोडा वेळ जीपमध्ये बसले. पत्रा तापला तसे बाहेर आले. आसपास सावली एकच, कडुनिंबाची, आणि लाइन तिच्याखालून गेलेली. साहेब सावलीत येऊन उभे राहिले. त्यांनी कुणाला तरी सांगितलं की तो डबा जरा पुढे घ्या. कुणी हललं नाही. दुसऱ्याच्या भांड्याला हात लावत नाहीत, हे बायनाबाईने त्यांना अगदी अदबीने समजावून सांगितलं. लाइन सरकली. सगळ्या बायका वाकल्या, आपापला गुंड पुढे सरकवला, आणि डबा तेवढा मागे राहिला. मग साहेब भिंतीपाशी गेले, इकडे तिकडे पाहिलं, वाकले, आणि डबा पुढे सरकवला.

पुन्हा लाइन सरकली, पुन्हा ते वाकले. घाम निथळत होता. मध्येच कुणाच्या तरी लहान लेकीने त्यांना पेलाभर पाणी आणून दिलं, ते त्यांनी घटाघटा पिऊन टाकलं. पुढे पुढे तर ते न सांगता वाकायला लागले. शेजारच्या बाईने आपला गुंड जरा तिरका ठेवला तर त्यांनी डबा नेमका तिच्या मागे लावला, लाइन सरळ राहावी म्हणून.

डब्याचा नंबर आला तेव्हा उन्हं कडक झाली होती आणि नळाची धार बारीक व्हायला लागली होती. जरीनाबाईने तोटीवर हात ठेवला. तिच्या मनात खूप काही बोलायचं होतं, जंगलाचं, जनावरांचं, सायत्राच्या कमरेचं. साहेब डबा धरून नळासमोर उभे होते. तिने ते सगळं आत ठेवलं.

"आता तुमचा नंबर," ती म्हणाली. "भरा."

साहेब वाकले आणि त्यांनी डबा नळाखाली धरला.